बिनवासाची शिदोरी

धाकटा बिस्किटांचा पुडा नाकाशी धरून हुंगत होता. पुडा बंद होता, तरी उलटा करून हुंगला, सुलटा करून हुंगला आणि मग टोपलीत टाकला. दुकानवाल्या बाई गल्ल्यावरून बघत होत्या.

"ताजी आहेत हो, कालच आलीत," त्या म्हणाल्या.

"ताजी-शिळी कशीही चालतील. वास नको," हा म्हणाला. बाईंनी डोळे विस्फारले. गिऱ्हाईक कशातून जातंय, त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना!

उद्या सकाळी दोघा भावांना निघायचं होतं. दरवर्षी दोघं नदीच्या वरच्या अंगाला तंबू ठोकून राहायचे. बरोबर बायका-मुलं नाहीत, कामधंदा नाही. थोरला हॉटेलात आचारी, त्यामुळे तिथल्या खाण्याचा सगळा कारभार त्याचा. धाकट्याने लाकडं गोळा करायची, कांदा चिरायचा आणि शिव्या खायच्या. एका वर्षी हा मीठ विसरला, तर थोरल्याने त्याला भर उन्हात गावापर्यंत परत पिटाळला होता. सामान निवडताना तर तो धाकट्याला आसपास फिरकू देत नसे. "लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने लिफ्टच बघावी," म्हणायचा.

यंदा निवडायची पाळी धाकट्यावर आली, कारण थोरल्याची अन्ननलिकाच बंद झाली. गाठ वाढत गेली आणि शेवटी डॉक्टरांनी पोटाला भोक पाडून नळी बसवली. तिच्यातून डब्यातलं पांढरं पातळ खाद्य आत जायचं. तोंडाने पाण्याचा घोटसुद्धा नाही. "जाऊन या दोघं," डॉक्टर धाकट्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, "पुढच्या वर्षावर ढकलू नका." धाकटा काय ते समजला. म्हणजे ही शेवटची खेप. ती दादाला सुखाची जावी, एवढंच त्याच्या मनात होतं. दादाला एका घासाचीसुद्धा आठवण होता कामा नये.

घरात तरी दुसरं काय चाललं होतं? वहिनी स्वयंपाक शेजारणीच्या ओट्यावर करायची. मुलं तिथेच जेवून, चूळ भरून, साबणाने हात धुऊन घरी यायची. पाहुण्यांचा चहासुद्धा बाहेर जिन्यात. ज्या माणसाने जन्मभर लोकांना खाऊ घातलं, त्याच्यासमोर फोडणी टाकायची? छे! त्याला कसायाचं काळीज लागतं. पण घराला निदान दार होतं, लावून घेता यायचं. उघड्या माळावर आडोसा कुठून आणणार? म्हणून ही हुंगाहुंगी. एरवी धाकट्याचं नाक म्हणजे नुसता दगड, पण आज त्याने केळी परत ठेवली, काकडी परत ठेवली, आणि कॉफीच्या फळीकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी तो पिशवी घेऊन थोरल्याकडे गेला. दार वहिनीने उघडलं. "भाऊजी, सकाळपासून तुमचीच वाट बघतायत," ती हळूच म्हणाली. "कपडे स्वतः भरले. मला हात लावू दिला नाही."

थोरला पलंगावर उशीला टेकून बसला होता. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं, पण दाढी गुळगुळीत केलेली होती. डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक आली होती.

"काय काय घेतलंस? आण इकडे. तुझा भरवसा नाही."

धाकट्याने एकेक वस्तू पलंगावर मांडली. साधी बिस्किटं, कोरडे टोस्ट, दुधाची पावडर, साखर. थोरल्याने पुडे फोडायला सुरुवात केली. पुडा फोडायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटून खोल श्वास ओढायचा आणि खाली ठेवायचा. सगळे झाल्यावर त्याने पिशवी उलटी करून झटकली. आत काही नव्हतं.

"बघितलंस ना, दादा?" धाकटा छाती फुगवून म्हणाला. "कशालाही वास नाही!"

"आणि चूल?"

"पेटवायचीच नाही. मी आपलं कोरडं काहीतरी तोंडात टाकीन, तेही लांब जाऊन. तुला त्रास नको."

थोरल्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. बघता बघता तो ओक्साबोक्शी रडू लागला. नळी बसवली त्या दिवशीही हा माणूस रडला नव्हता. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं चुकलं कुठे, हेच त्याला कळेना. वहिनी धावत आत आली.

"काय झालं हो? दुखतंय का? नळी ओढली गेली का?"

थोरल्याने मान हलवली. सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. आधी बायकोकडे पाहिलं, मग भावाकडे.

"डॉक्टरांनी तोंड बंद केलं, ते मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण जेवायला मला एक नाक उरलं होतं रे. ते तुम्ही का बंद केलंत?"