तिसऱ्या वर्षाचं पुस्तक

शाल्मलीला शाळेतून काढून चार महिने झाले होते. मध्येच प्रश्न विचारला की बाई तिला तासभर उभं करत, म्हणून अकरा वर्षांच्या माझ्या नातीने प्रश्न विचारणंच सोडलं होतं. घरी शिकवायचं ठरलं आणि अभ्यासक्रम निवडायचं काम माझ्याकडे आलं.

मी जुनी, पारखलेली पद्धत निवडली. दोन वर्षं पाठांतर आणि व्याकरण, मग तिसऱ्या वर्षी तर्कशास्त्र. जेवणाच्या टेबलावर त्याच क्रमाने पुस्तकं मांडली.

"बाबा, इतकं पाठांतर?" सूनबाई कुजबुजली. "आधीच ती गप्प असते."

"पाया पक्का नको? चाळीस वर्षं शिकवलंय मी."

"वर्गाला शिकवलंत, बाबा. हिला एकटीला नाही."

आमचं हे चालू असताना शाल्मलीने सगळ्यात शेवटचं पुस्तक उघडलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे विस्तव आहे, हे त्यातलं पहिलंच उदाहरण. ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली.

"आजोबा, पण ते धुकं असेल तर?"

सूनबाईने माझं मनगट घट्ट धरलं. 'ते तिसऱ्या वर्षी' हे शब्द माझ्या ओठांवर आलेच होते. तेवढ्यात शाल्मली सवयीने पुस्तक मिटायला लागली.

"थांब," मी म्हणालो. "असेलही धुकं. मग कसं ओळखायचं गं?"

"जवळ जाऊन बघायचं," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली.

पाठांतराची पुस्तकं मी कपाटात ठेवून दिली. आमचं पहिलं वर्ष तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकापासून सुरू झालं.