जागा करून देताना

मालन कौशल्य केंद्रातून दुपारी घरी आली, तेव्हा इचलकरंजीच्या नव्या गिरणीतले यंत्रमानव दुरुस्त करायची सगळी विद्या तिच्या डोक्यात भरलेली होती. माग बंद पडल्यापासून अख्खी गल्लीच पाळीपाळीने तिकडे जात होती. नवं भरायचं तर डोक्यातलं जुनं थोडं काढावं लागे, आणि काय निघालं ते केंद्रालाही सांगता येत नसे. म्हणून घरी आलेल्याची आधी परीक्षा व्हायची.

"भाकरी थाप बघू," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

भाकरी टम्म फुगली. पोरांची नावं, माहेरची वाट, जाऊबाईंशी झालेली भांडणंसुद्धा जागच्या जागी होती.

"मेली ती भांडणं तेवढी काढायची होती की!" जाऊबाई म्हणाल्या.

मालनच्या नवऱ्याचा, शामरावचा, जीव भांड्यात पडला. खुशीत त्याने आपली ठेवणीतली गोष्ट काढली. एक बावळट नवरदेव चुकून शेजारच्या मांडवात शिरला, भलत्याच सासऱ्याच्या पाया पडला, आणि शेवटी खरी नवरी मुंडावळ्यांसकट येऊन मनगट धरून त्याला घेऊन गेली.

मालन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "बाई धाडसाची म्हणायची! कोण हो ती?"

मालन गोंधळली. गोष्ट तर हसण्यासारखीच होती, मग जाऊबाई अशा तोंड फिरवून का उभ्या राहिल्या?

शामराव तिच्याजवळ पाट ओढून बसला.

"तो बावळट मी," तो म्हणाला. "बस, नवरीची ओळख करून देतो."