दोन्ही डोळे सारखे

"हलू नका हो बाई, गोंद डोळ्यात गेला तर माझ्या नावानं खडे फोडाल," चिमटी म्हणाली.

हातात सदा चिमटा, म्हणून नाट्यगृहात तिचं नावच चिमटी पडलं होतं. वीस वर्षं लोकांचे चेहरे रंगवून झाल्यावर आता कुणी खऱ्या नावानं हाक मारली तरी ती वळून बघत नसे.

खरं तर बाई हलतच नव्हत्या. चिमटीच्याच अंगाला चैन नव्हतं. एकदा घड्याळ, एकदा पापण्यांना चिकटवायच्या लॅशेसची डबी, एकदा बाईंचा डोळा, असं तिचं चाललं होतं. साडेचारला फोन यायचा होता आणि चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

फोनचं बाईंनी आल्याआल्या सांगून टाकलं होतं. "एक बाई व्हिडिओ कॉलवर मला बघणार आहेत. त्यांनी ठीक म्हटलं तर आजचा प्रयोग मी करणार. नाही म्हटलं तर संपलं."

"प्रयोगाच्या दिवशी? आणि आत्ता?"

"आत्ता. त्यांना माझे दोन्ही डोळे सारखे दिसले पाहिजेत. तेवढं तू बघ, बाकी मी सांभाळते."

चिमटीच्या मस्तकात तिडीकच गेली. नवऱ्याचं आजारपण काढण्यात बाईंची नऊ वर्षं गेली होती. आज त्या पुन्हा उभ्या राहणार, तिकिटं संपलेली, आणि आता ही कोण टिकोजीराव फोनवरून परीक्षा घेणार? निर्मात्याची कुणीतरी असेल. पैसे लावणाऱ्यांना ऐन वेळी नाक खुपसल्याशिवाय जेवण जात नाही. पण बाईंना विचारायची सोय नव्हती. त्या आज तोंड मिटून बसल्या होत्या.

बाईंचे डोळे मुळातच झाकलेले. भुवईखालची कातडी पापणीवर उतरलेली, त्यामुळे डोळा उघडला की पापणी दिसतच नाही. अशा डोळ्यांना जाड काळ्या पट्टीच्या लॅशेस लावल्या की संपलं, माणूस झोपेतून उठल्यासारखा दिसतो. बारीक पट्टी हवी, केस मध्ये लांब आणि कडेला आखूड. मापही डोळा उघडा ठेवून घ्यायचं. मिटलेल्या डोळ्यावर घेतलेलं माप हमखास फसवतं. आठ दिवसांपूर्वी चिमटीनं हे सगळं केलं होतं. दोन्ही बाजू मापून, कापून, डबीत 'डावा' 'उजवा' अशा चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या.

आज डावी पट्टी पहिल्या झटक्यात बसली. उजवी मात्र हट्टाला पेटली. बाईंनी डोळा उघडला की सगळे केस कातडीखाली गडप व्हायचे.

चिमटीनं पट्टी काढली, गोंद पुसला, पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिचे कान गरम झाले.

"बाई, मागच्या आठवड्यात मी झोपेत कात्री चालवली होती की काय? उजवी पार चुकलीये."

"असेल," बाई म्हणाल्या. "तूही माणूसच आहेस."

एरवी अशा चुकीवरून बाईंनी तिला महिनाभर पिडलं असतं. आज एवढ्यावर सुटले म्हणून चिमटीला हायसं वाटलं.

"तो दिवा जरा बाजूला कर गं."

"मग मी काय आंधळी कोशिंबीर खेळू? पोटात गोळा आलाय ना?"

"पोटात नाही, डोक्यात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याबरोबर दोन गोळ्या घेतल्या.

चार वीस. चिमटीनं ठेवणीतली पारदर्शक चिकटपट्टी काढली. नखाएवढा तुकडा कापून उजव्या पापणीच्या घडीत बसवला आणि कातडी वर उचलून धरली. त्याखाली ताठ पट्टीच्या नव्या लॅशेस. गोंद लावून तिनं मनात तीस आकडे मोजले, हनुवटीखाली आरसा धरला, बाईंना खाली बघायला लावलं आणि आधी मध्य, मग दोन्ही टोकं दाबली. डोळा उघडला, पण डाव्यापेक्षा किंचित कमीच. मग तिनं डाव्याचे मधले केस कात्रीच्या टोकानं जरासे आखूड केले. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. दोन पावलं मागे जाऊन तिनं बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. अगदी सारखे.

बाईंनी आरशात बघितलं. त्यांचे डोळे भरून यायला लागले.

"रडायचं नाही, गोंद ओला आहे," चिमटीनं दम भरला.

फोन वाजला.

"तूच धर," बाई म्हणाल्या. "माझा हात हलेल."

चिमटी फोन बाईंकडे करून उभी राहिली. तिला पडदा दिसत नव्हता, नुसता एक घाईतला बायकी आवाज ऐकू येत होता.

"सरळ बघा. वर. आता खाली. जरा हसा, दात दिसू देत. दोन्ही हात समोर धरा. धरून ठेवा."

आता नाचूनही दाखवायला सांगते की काय, चिमटी मनात चरफडली.

"एखादं वाक्य म्हणा."

बाईंनी पहिल्या अंकातलं वाक्य म्हटलं. "दार उघडंच आहे, पण आत येणाऱ्यानं आपलं भांडण उंबऱ्याबाहेर ठेवावं." शेवटच्या रांगेतल्यालाही नीट ऐकू जाईल, असा आवाज.

चिमटीचा हात भरून आला होता, तरी तिनं फोन तसूभर हलू दिला नाही. हो म्हण गं बाई, एवढं हो म्हण, ती मनातल्या मनात घोकत राहिली.

"बरं," आवाज म्हणाला. "आज पहाटे आईची उजवी पापणी एकाएकी खाली आली, डोकं भयंकर दुखतंय, असं तुमची मुलगी घाबरून सांगत होती. मला तर दोन्ही डोळे अगदी सारखे दिसतायत. तुमच्याकडे निघालेली अ‍ॅम्ब्युलन्स मी माघारी फिरवते."