काळी महिरप

नवरीच्या कपाळावर रेखलेली काळी महिरप डाव्या बाजूला भाताच्या शिताएवढी खाली उतरली होती. मावशीने ती पुसली आणि हात टेकले.

"दाजी, माझ्याच्याने नाही होणार. तुमच्या थोरलीला वर बोलवा. सकाळपासून बसलीय खाली खांबाशी, शृंगाराची पेटी घेऊन."

"थोरल्याला," नवरीचे वडील ला पावे यांनी दुरुस्त केलं.

"मला मुलगी म्हणा," एवढाच हट्ट धरला म्हणून त्यांनी मुलगा म्हणून जन्मलेल्या या थोरल्या तेन्रीला घराबाहेर काढलं होतं. आता साऱ्या बुगी मुलखातल्या नवऱ्या तिच्याच हातून सजत होत्या. आणि नवरी सजवणारीला वधूपित्याने स्वतः खाली उतरून 'आई' म्हणून हाक मारायची, ही तर त्यांच्या गावची रीत.

वळणावर नवरदेवाचे ढोल ऐकू आले. ला पावे खांबांवरच्या घराची शिडी उतरले.

"आई, वर या."

तेन्री जागची हलली नाही. "हे तर तुम्ही परक्या कुणालाही म्हणाला असतात, बाबा. आई म्हणा, असं मी कधी मागितलं होतं?"

ढोल अंगणात शिरले.

"ये," ला पावे म्हणाले. "ये, पोरी."