खुंटीवरचा नान

वेढा उठवायला शत्रूची एकच अट होती: खानाच्या बहिणीला, म्हणजे मला, त्याच्या जनानखान्यात धाडायचं. निरोप घ्यायला गेले तर धाकटा भाऊ, आमचा खान, स्वतःचं चरित्र लिहीत बसलेला. मी वाचलं: “पळापळीत बहीण शत्रूला सापडली.” “सापडली? मी काय चुकलेली शेळी आहे? तू पाठवतोयस मला!” “आपा, पुढचे वाचणारे काय म्हणतील?” आमच्याकडे दूर जाणाऱ्यानं नानचा एक घास खायचा, उरलेला नान तो परतेपर्यंत खुंटीला टांगायचा. उपाशी किल्ल्यातला शेवटचा नान समोर होता. मी घास घेतला, नान त्यानं टांगला. “जर्दाळू फुलले की सोडवून आणतो, आपा. बाकीचा तूच संपवशील.” तेवढ्याच आशेवर जिना उतरले. बुरखा राहिला म्हणून परत आले. खुंटी रिकामी होती. भाऊ लिहीत होता. ताज्या शाईवर नानचा चुरा सांडत होता.