मोडता

"काकू हाय तोवर आपली गाडी दौलताबादच्या पुढं जात नाय," फकिरा म्हणाला, अन् बाहेरच्या खोलीत हशा पिकला.

आत आवडाबाई चहा गाळत होती. बजाजनगरातल्या भिंती पातळ. अन् तिला ऐकू जाऊ नये अशी कुणाची इच्छाही नव्हती.

बाहेर तिचा लेक रामकिसन, कंपनीतले त्याचे दोन दोस्त फकिरा अन् कारभारी, आणि तिघांच्या मधोमध अंथरलेला हिमाचलाचा नकाशा. दरसाली पोळा झाला की तो नकाशा बाहेर निघायचा. मोटारसायकलीवर मनाली, तिथून खिंडी ओलांडून स्पिती. कुठला रस्ता कधी खुला होतो, कुठं पेट्रोल मिळत नाही, रामकिसनला सगळं तोंडपाठ. गणपतीत जावं तर तिकडं दरडी कोसळतात. दसऱ्यानंतर जावं तर बर्फ. जायचं ते ह्या दोहोंच्या मधेच. त्यातला पितरांचा पंधरवडा वर्ज्य, अन् उरलेल्या दिवसांत नेमके घरात देवीचे घट बसायचे. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की घट उठेपर्यंत घरच्या कर्त्यानं शीव ओलांडायची नाही.

"बायको सोडते रे, माय सोडत नाय," रामकिसन मान खाली घालून म्हणायचा. दोस्त हळहळायचे. मग आवडाबाई चहा घेऊन आली की सगळे एकदम गप्प, जशी काय ती जेलची जमादारीण.

जाऊ नको असं ती कधी म्हणाली नव्हती. पण तिला विचारलं कुणी? रीत म्हातारीनं पाळायची, म्हणून खापरही म्हातारीच्याच डोक्यावर. गल्लीतल्या बायकासुद्धा म्हणायच्या, लेकाला पदराला गाठ मारून ठेवलंय. नवरा गेल्यावर भावकीशी भांडून जिनं वाटणी घेतली, लेकाला शहरात आणून उभं केलं, तिनं हे ऐकून घ्यायचं. अंगाची नुसती लाही व्हायची.

यंदा तिनं चहाचं ताट नकाशावरच ठेवलं. पार मनाली झाकून गेली.

"ऐका रे. सर्वपित्रीला ह्याच्या बापाला घास घालायचा, अन् दुसऱ्या दिशी तिघांनी निघायचं. यंदा घट हितं बसणार नाय. कन्नडला सरूकडं बसंल. कर्ता तिचा नवरा. ह्याला शीव मोकळी."

सरूबाई म्हणजे तिची धाकटी जाऊ. देवीचा चांदीचा टाक कुणाच्या देव्हाऱ्यात राहावा, ह्यावरनं वाटणीच्या वेळी दोघींचं जे बोलणं तुटलं, ते तुटलंच. टाक थोरलीकडं राहिला, म्हणून घटही तिच्याकडंच बसायचा. काल आवडाबाई एसटीनं कन्नडला गेली अन् आपल्या हातानं तो सरूबाईच्या देव्हाऱ्यात ठेवून आली. सरूबाईनं बसा म्हणून पाटसुद्धा सरकवला नाही.

"काकू, तुमच्या तोंडात साखर पडो!" कारभारी ओरडला. फकिरानं रामकिसनच्या पाठीवर थाप मारली. "अरे बोल की! वाचा बसली काय?"

रामकिसन उठला. "पानी पिऊन येतो," म्हणाला.

आवडाबाई त्याच्या मागं आत गेली. तो पाणी पीत नव्हता. नळाखाली हात धरून नुसता उभा होता.

"माय, तू नाय म्हन."

"काय?"

"तू नाय म्हन ना गं त्यांना. दरसालासारखं."

"म्या कवा नाय म्हनले रे, मुडद्या? काल त्या सरूच्या दारात..."

"हळू बोल." त्यानं दाराकडं पाहिलं. "मला घाट जमत नाय. खाली दरी दिसली की हातपाय गळतात. कन्नडच्या घाटात एकदा गाडी टाकून रस्त्यावर बसलो होतो. एका ट्रकवाल्यानं गाडीसकट खाली आनून सोडलं. ह्यांना कळलं तर कंपनीत तोंड दाखवायला जागा राह्यची नाय."

"मग हे नकाशे कशाला आनतो?"

"आनायला बरं वाटतं."

आवडाबाईनं नळ बंद केला. टीचभर खोलीत समोरासमोर मायलेक उभे. चिडायचं तिच्या मनात पुष्कळ होतं, अन् चिडायचा हक्कही होता. इतकी वर्षं तिच्या नावानं शंख झाला, अन् शंख वाजवणारा घरातलाच. बाहेर कारभारी नारळ कुठल्या देवळात फोडायचा ते ठरवत होता. तिला वाटलं, आत्ता चार पावलं टाकावीत आणि सांगून मोकळं व्हावं.

ती चार पावलं तिनं टाकली.

"उचला तो नकाशा," ती दारातनं म्हणाली. "माझं मन फिरलं. माझ्या घरचा घट परक्याच्या दारी बसवायला मी काय मेले नाय अजून. सकाळच्या गाडीनं जाऊन टाक परत आनते. घट हितंच बसंल, अन् घट सोडून माझा लेक कुठं जायाचा नाय."

कारभारीनं चहा तसाच ठेवला.

"बघितलं ना?" मागनं येऊन रामकिसननं कपाळावर हात मारला. "ही अशी हाय! आता सांगा, मान्सानं काय करावं?"

दोस्तांनी चपला घातल्या. फकिरा मात्र उंबऱ्यावर थांबला.

"राग मानू नका काकू, पन मोठ्या मान्सानं कधीतरी लेकाच्या मनाचाबी इचार करावा."

आवडाबाईच्या ओठावर उत्तर आलं होतं. जन्मात पहिल्यांदा तिनं ते गिळलं.