दहावी पट्टी

नववी पट्टीही चमकली नाही.

शाळेच्या खिडक्यांना सतरंज्या टांगून अंधार केलेला. आत चाळीस माणसं, लघवीच्या बाटल्या आणि रुमाल नाकाशी धरून बसलेले आमदार भाऊसाहेब. नागपूरच्या डॉक्टर सुरभीनं शोधलेल्या कागदी पट्टीवर डोळ्याला न दिसणारे कण होते. किडनी बिघडायला लागली, की ते जांभळ्या टॉर्चखाली हिरवे चमकतात. माणसाला स्वतःला कळायच्या कितीतरी आधी. तपासणी शिबिराच्या उद्घाटनाला एक तरी पट्टी चमकायला हवी होती. गाव मात्र निरोगी निघत होतं.

"काय गाव हाय!" भाऊसाहेब वैतागले.

त्यांचा कार्यकर्ता लखीराम बाहेर धावला. गुडघ्याला लावायचं मलम मागायला आलेल्या पंचफुलाबाई ओट्यावर सापडल्या. "मावशे, बाटली भर पटकन. साहेबाले नेरले सभेले जायचं हाय."

दहावी पट्टी हिरवीगार पेटली.

टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टीही मारली. भाऊसाहेबांनी पंचफुलाबाईंना शाल दिली, नारळ दिला, पट्टी त्यांच्याच हातात देऊन सहा फोटो काढून घेतले. बाई जिल्ह्यात पहिल्या आल्यासारख्या हसल्या. "माही काहून नाई चमकली?" म्हणून शेजारचा रामधन भांडायला उठला. त्याला चिवडा देऊन बसवलं. बाटल्यांच्या टेबलावरच चिवड्याच्या पुड्या सुटल्या.

गाड्या गेल्या. टाळी न वाजवलेली एकटी सुरभी तेवढी पंचफुलाबाईंजवळ येऊन बसली. हात हातात घेतला आणि हिरव्या उजेडाचा अर्थ सांगितला.

शाल खांद्यावरून घसरली.

"माह्या बहिणीले हेच झालतं," बाई म्हणाल्या. "यवतमाळले मशिनीवर रक्त धुवाले नेत होतो. दोन वर्सं बी नाई काढली तिनं."

"तुमचं लवकर सापडलंय, मावशी. रोज एक गोळी घ्यायची. मशीनपर्यंत जायची वेळच येणार नाही."

पंचफुलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. एवढ्या माणसांत माणूस एकच भेटलं होतं. "लय उपकार झाले वं माय. दे मंग गोयी."

"देते ना," सुरभी मायेनं म्हणाली. "फक्त महिनाभर थांबा. अठ्ठावीसला यवतमाळला मंत्री येणारेत, आणि गोळी सुरू केली की पट्टी चमकत नाही."